सात हात रोगण

आमच्या आप्पांना कोरं लाकूड बघवत नसे. कोणाच्याही घरी गेले की यजमानाने 'या, बसा' म्हणायच्या आत त्यांचा हात दाराच्या चौकटीवर फिरलेला असे. मग नखाने ते चौकट टोकरत, कान लावून आत काहीतरी ऐकत, आणि वैद्याने नाडी सोडावी तशी चौकट सोडून शांतपणे म्हणत, "दोन पावसाळे. फार तर अडीच." घरात कोणी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असलं तर यजमानाच्या काळजात धस्स होई. आप्पा वाळवीबद्दल बोलताहेत हे कळायला थोडा वेळ लागे, आणि कळेपर्यंत आप्पांनी कोटाच्या खिशातून बाटली काढलेली असे.

बाटलीत रोगण असे. काळंभोर, काकवीसारखं दाट, आणि वास असा की आप्पा गल्लीच्या तोंडाशी आले की घरातल्या बायका ताटं मांडायला घेत. या रोगणावरून अख्खी रत्नागिरी त्यांना 'रोगणआप्पा' म्हणत असे. ते माझे थोरले काका. माझे वडील मुंबईला नोकरीला. वर्षातून एकदा आगबोटीने यायचे, चार दिवस पाहुण्यासारखे राहायचे आणि परत जायचे. बाकीचं वर्षभर आम्ही सगळे आप्पांच्या छायेत, म्हणजे रोगणाच्या वासात, वाढलो. आप्पा मांडवी बंदरावर कारकून होते. नोकरी टेबलाशी होती, पण जीव सगळा धक्क्याला लागलेल्या होड्यांत.

रोगणाची विद्या त्यांना तिथेच मिळाली. काजूची टरफलं मडक्यात भरायची, मडक्याच्या बुडाला भोकं पाडायची, खाली दुसरं मडकं पुरायचं आणि वर शेणी पेटवायच्या. टरफलांतलं तेल खाली ठिबकतं. ते होडीला लावलं की वर्षानुवर्षं लाकडाला कीड शिवत नाही. एका म्हाताऱ्या तांडेलाने त्यांना हे सगळं दाखवलं आणि शेवटी सांगितलं, "आप्पानू, ह्या तेल लाकडाला बरा, मान्साला नाय. आमी होडीत बसताव ते फळीवर गोनपाट टाकून बसताव." आप्पांनी यातला तेलाचा भाग मनोभावे स्वीकारला. गोणपाटाचा भाग मात्र दर्यावर्दी लोकांचा भोळेपणा म्हणून सोडून दिला.

काजूचा चीक अंगावर उडाला की कातडी निघते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आप्पांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते तेल राळ घालून तीन वेळा उकळत, आणि त्यांचा एक सिद्धान्त होता: "उकळलं की मेलं." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की आमच्या घरात कोणी दूध तापवायला ठेवलं तरी आम्ही मुली एकमेकींना डोळ्यांनी खुणावून हसायचो. सिद्धान्ताला पुरावा म्हणून ते स्वतःचे हात दाखवत. कोपरापर्यंत रोगण, वर्षानुवर्षं, आणि साधी पुटकुळी नाही. "माझ्या हाताला काही होत नाही, मग झालंच कोणाला तर तो रोगणाचा दोष कसा?"

घरातली कुठलीच लाकडी वस्तू आप्पांच्या तावडीतून सुटली नव्हती. झोपाळ्याच्या पाटाला चार हात. देव्हाऱ्याला पाच. उखळाचं मुसळ, ताकाची रवी, विळीचा पाट, सुपाच्या कडा. पोळपाट-लाटण्यालाही त्यांनी दांड्यापुरतं आणि कडेपुरतं रोगण दिलं होतं, मधला भाग सोडला तो केवळ माझ्या आईने दाराआडून केलेल्या विनवणीमुळे. आई आप्पांशी थेट बोलत नसे. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलायची ती भिंतीला उद्देशून, आणि दिराने ते भिंतीकडून ऐकायचं, अशी तेव्हाची रीत होती. आमच्या माजघराच्या भिंतीने त्या काळात पुष्कळ निरोप पोचवले.

आप्पांची बायको, आमची काकू, हिचे हात मला आठवतात. बोटांच्या पेरांना चिरा, तळव्याच्या कडेला बारीक फोड, ते फुटून झालेल्या खपल्या. चिंचेचं पाणी लागलं की ती ओठ घट्ट मिटायची, आवाज काढायची नाही. आंबे उतरायच्या दिवसांत तर तिला बागेकडे फिरकायचीही चोरी; देठाचा चीक नुसता उडाला तरी तिचा डोळा सुजून बंद व्हायचा. वैद्यांनी नाडी पाहून 'रक्तातली उष्णता' असं निदान केलं आणि वांगं, फणस, लसूण बंद केलं. मग काकडी बंद केली. बारा वर्षांत तिचं इतकं काही बंद झालं होतं की सणाच्या दिवशी तिच्या पानात भात आणि मीठ सोडून काय वाढावं हा प्रश्न पडायचा. वैद्यांची औषधं ज्या लाकडी पेटीत ठेवली होती, तिला आप्पांनी काळजीने तीन हात दिले होते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाहिली होती. काकूचं माहेर खेडजवळ, जगबुडीच्या काठी. ती महिनाभर तिकडे राहून आली की हात मऊ, स्वच्छ. इथे येऊन पंधरा दिवस झाले की पुन्हा तेच. यावरून तिची पुष्कळ थट्टा व्हायची. जगबुडीच्या पाण्याचा गुण म्हणायचे कोणी, कोणी म्हणायचे माहेरची ओढ हातांतून फुटते. काकू एवढंच म्हणायची, "तिकडे हात बरे असतात हो." आणि आप्पा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, "तिकडे काम करत नाहीस म्हणून." आम्ही सगळे हसायचो. मीही हसायची.

मिठाच्या सत्याग्रहाला दोन-तीन वर्षं झाली होती. घरोघर स्वदेशीचं वारं होतं, आणि आप्पांना एकाएकी उमगलं की आपण बारा वर्षं जे परसात उकळतो आहोत ती देशसेवा आहे. गावात दिवाळीनंतर स्वदेशी वस्तूंचं प्रदर्शन भरायचं घाटत होतं. आप्पांनी छापखान्यातून बाटलीला डकवायच्या चिठ्ठ्या छापून आणल्या. त्यावर त्यांचं पूर्ण नाव होतं आणि खाली मजकूर होता: 'शुद्ध स्वदेशी रोगण. वाळवी, दमट हवा व विलायती व्हार्निश यांचा कट्टर शत्रू.' मला वाटतं आयुष्यात त्यांनी स्वतःचं नाव छापलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एक चिठ्ठी त्यांनी काकूच्या हातात दिली. ती ओल्या हाताला चिकटेल म्हणून तिने पदरात घेतली.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा मुंबईत छापखान्यात कामाला, घर लांज्याचं. मुलाचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत, मोठे मानी गृहस्थ. पंगतीत आपलं पान कितवं, आपल्याआधी कोणाला वाढलं, गंध लावताना कोणाच्या कपाळाला केशर जास्त लागलं, हे सगळं त्यांच्या ध्यानात राहायचं आणि पुढे अनेक वर्षं राहायचं. आप्पांनी चौकशी करताना हे ऐकलं आणि ते बेफिकीर हसले. "मानाचं माझ्यावर सोपवा," म्हणाले.

साखरपुड्यासाठी त्यांनी फणसाच्या लाकडाचे आठ नवे पाट करवून घेतले, खास वरपक्षाच्या पुरुषांसाठी. आणि मानाप्रमाणे रोगण दिलं. मुलाच्या चुलत्यांच्या पाटांना दोन-दोन हात, मामांच्या पाटाला तीन, मुलाच्या पाटाला पाच, आणि नानांच्या पाटाला सात. सातवा हात वाळल्यावर त्यात नानांना स्वतःचं तोंड दिसलं असतं. आमच्या देवांनाही कधी इतकं लाभलं नव्हतं.

वैशाखाचे दिवस. पानही हलत नव्हतं. पुरुषांची पहिली पंगत उघड्या अंगाने, पातळ सोवळी नेसून पाटांवर बसली. लाडू काकूने वाढले, कारण आग्रह करावा तर तिने. दीड तास पंगत चालली, घामाच्या धारा लागल्या, आणि मंडळी उठली तेव्हा दोघातिघांच्या सोवळ्यांना मागे काळपट झाक आली होती. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण तोपर्यंत मामा रुसले होते. आपला पाट नानांच्या पाटाइतका चकाकत नाही, हे त्यांनी बसायच्या आधीच हेरलं. ते तडक ओटीवर जाऊन चटईवर बसले आणि तिथेच, तीन वेळा मनधरणी झाल्यावर, जेवले. बायकांची पंगत मागाहून झाली, शेजारून मागून आणलेल्या जुन्यापुराण्या, कोऱ्या पाटांवर, कारण मानाचे पाट बायकांसाठी नव्हतेच. लाडू त्यांनाही काकूनेच वाढले.

आठ दिवसांनी लांज्याहून पत्र आलं. आप्पांनी ते माजघरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं. लिहिणारे मामा होते. "कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. नानांस सध्या बसवत नसल्याने हे पत्र मी लिहीत आहे." इथे आप्पा थांबले, चष्मा पुसला आणि पुढे वाचू लागले. समारंभ उत्तम झाला. तथापि परतल्यापासून मंडळींस बैठकीचे ठायी दाह, कंड व फोड असा विकार जडला आहे. नानांस विशेष, ते उभ्यानेच जेवतात. मुलास मध्यम. चुलत्यांस किंचित. लिहिणारास देवकृपेने काही नाही. आपले घरच्या थोरल्या बाईंच्या हातांची स्थिती आमच्या बायकांनी समक्ष पाहिली आहे आणि वाढणेही त्यांच्याच हातचे होते. सबब घराण्यात तो रोग आहे किंवा कसे ते स्पष्ट कळवावे. तूर्त विवाह स्थगित समजावा.

'तो रोग' म्हणजे महारोग. ते नाव पत्रात लिहिलेलं नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणी उच्चारलंही नाही. ज्या घराला ते नाव चिकटतं त्या घरची विहीर सुटते, पंगत सुटते, मुलींना स्थळं येत नाहीत. मी सतरा वर्षांची होते आणि माझ्या पाठच्या दोन बहिणी होत्या. काकूने दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात आली नाही. मागल्या पडवीत वेगळं पान मांडून जेवू लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण मला तेव्हा राग आला तो तिचाच. वाटलं, हिने लाडू वाढायला कशाला पुढे व्हायचं?

आप्पा तीन दिवस पत्राला उत्तर लिहीत होते आणि फाडत होते. चौथ्या दिवशी दुपारी ते पत्र पुन्हा मोठ्याने वाचायला बसले, जणू मोठ्याने वाचल्याने त्यातला मजकूर बदलणार होता. पडवीतून काकूचा आवाज आला. "मामांना काही झालं नाही?"

"नाही."

"आणि बायकांना?"

"बायकांबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मामांना चार लाडू मीच वाढले. बायकांच्या पंगतीतही मीच फिरले," काकू म्हणाली. "माझ्या हातांतून गेलं असतं तर त्यांना आधी जायला हवं."

मग दाराआडून आई भिंतीला म्हणाली, "म्हटलं, कोण कुठल्या पाटावर बसलं होतं ते आठवून बघावं. ज्याचा पाट जास्त काळा, त्याला जास्त. जो पाटावर बसलाच नाही, त्याला काही नाही."

आप्पांचा चेहरा मी पाहिला. त्यांना ते कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं. ते उठले, बाटली आणली आणि आमच्या सगळ्यांसमोर स्वतःच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत तीन हात रोगण दिलं. "उकळलं की मेलं," ते म्हणाले. "चार दिवस थांबू." चार दिवस ते हात तसाच मिरवत बंदरावर गेले. पाचव्या दिवशी खोबरेल लावून, राखेने घासून रोगण काढलं. खालची कातडी तान्ह्या मुलासारखी. त्यांनी तो हात आम्हाला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, वाटेने चाललेल्या पोस्टमनलाही दाखवला. ते जिंकले होते. आणि ते जिंकले याचा अर्थ दोष काकूच्या हातांत होता, हे त्यांच्या त्या आनंदात त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

काकू पडवीतून ओटीवर आली. भर दुपारी, दार सताड उघडं असताना, ती त्यांच्यासमोर बसली आणि तिने पदर सारून उजवा हात पुढे केला. हाताचा वरचा भाग, कोपराखालचा, तेवढाच काय तो तिचा हात कोरा राहिला होता. "आता इथे लावा," ती म्हणाली.

"कशाला गो?"

"तुमची खात्री आहे ना? मग लावा."

आप्पांनी काथ्याची कुंचली बाटलीत बुडवली. वर काढली. काकूच्या हातावर नेली. आणि ती तिथेच राहिली. कुंचलीतून रोगणाचा एक थेंब सारवलेल्या जमिनीवर पडला, मग दुसरा पडला. मी दारात उभी होते. ज्या माणसाने मुसळापासून देव्हाऱ्यापर्यंत काही सोडलं नाही, त्याचा हात बायकोच्या वीतभर कातडीवर टेकेना. शेवटी त्यांनी कुंचली बाटलीत परत ठेवली.

"अगो, बारा वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते," काकू म्हणाली. "तुम्ही म्हणालात, उकळलं की मेलं."

या रोगणाचं मूळ कुठे होतं ते काकूने मला नंतर सांगितलं. मी चार-पाच वर्षांची असताना एका पावसाळ्यात तिची फणेरपेटी वाळवीने खाल्ली होती. तिच्या आईने दिलेली, आरसा आणि कुंकवाचे करंडे ठेवायची शिसवी पेटी. उचलायला गेली तर हातात नुसता भुगा आला. ती दोन दिवस रडत होती. त्यानंतर आप्पा बंदरावरच्या तांडेलापाशी जाऊन बसू लागले. तिच्या हाताला लागणारी एकही वस्तू पुन्हा वाळवीने खाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. म्हणून रवी, म्हणून विळी, म्हणून लाटणं, म्हणून औषधाची पेटी. देशसेवा मागाहून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा नानांचा तो सात हातांचा पाट घेऊन लांज्याला निघाले. तो पाट आमच्याकडेच राहिला होता, पाहुण्यांच्या आहेराबरोबर द्यायचा विसरून गेला होता, हे आमचं भाग्य. पाट त्यांनी गोणपाटात नीट गुंडाळून घेतला. लांज्याला काय झालं ते मी दोन्ही बाजूंकडून ऐकलं आहे, आणि दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगतात म्हणून खरं धरते.

नाना उभे होते. त्यामुळे आप्पांनाही बसता येईना. दोघे व्याही ओटीवर समोरासमोर उभ्यानेच बोलले. आप्पांनी पाट उलगडून मध्ये ठेवला आणि सगळं सांगितलं. नानांना ते पटेना. "रोगणाने होतं म्हणता, मग तुम्हाला कसं होत नाही?"

"ते मला माहीत नाही," आप्पा म्हणाले. "मला होत नाही म्हणून कोणालाच होत नाही, असं मी बारा वर्षं धरून चाललो. त्यात माझ्या बायकोचे हात गेले. तिला काही रोग नाही. रोग मी बाटलीत भरून घरात आणला."

"आणि आमच्या मामांना कसं काही नाही?"

"ते बसलेच नाहीत पाटावर. आणि बसले असते तरी त्यांना तुमच्याइतकं झालं नसतं. त्यांच्या पाटाला तीनच हात होते."

नानांचं लक्ष पाटाकडे गेलं. "आणि माझ्या?"

"सात."

"सात?"

"सात. आमच्या देव्हाऱ्यालासुद्धा पाचच आहेत."

सांगतात की नानांच्या चेहऱ्यावरची वेदना तिथे एकदम बदलली. ती गेली नाही, पण तिला काहीतरी अर्थ आला. त्यांनी पाटावर वाकून स्वतःचं प्रतिबिंब पाहिलं. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "अगो, ऐकलंस काय? मामांना तीन आणि मला सात." आतून गूळपाणी आलं. मामा घरात नव्हते याचं नानांना फार वाईट वाटलं, असं आप्पा सांगत.

लग्न आता मार्गी लागल्यासारखं होतं, आणि दुसरा कोणी मुलीकडचा माणूस असता तर हात जोडून तिथूनच परतला असता. आप्पा म्हणाले, "एक अट माझीही आहे." मुलीकडच्याने अट घालायची हे लांज्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. "लग्नात नवऱ्यामुलाला आणि तुम्हाला पहिला लाडू माझी बायको वाढेल. तो तुम्ही सगळ्यांच्या देखत खायचा. हे जमणार नसेल तर पोरीचं लग्न दुसरीकडे बघतो." आमच्या घरी हे मागाहून कळलं तेव्हा आई भिंतीलाही काही बोलली नाही. मी मात्र रात्रभर अंथरुणात विचार करत होते की मला यांचा राग यायला हवा, तर तो का येत नाही?

आप्पांनी प्रदर्शनातून नाव काढून घेतलं. छापलेल्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर माझ्या बहिणींनी पुढे कित्येक महिने शुद्धलेखन लिहिलं. उरलेलं रोगण त्यांनी तांडेलाला नेऊन दिलं. तांडेलाने बाटल्या घेतल्या, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गोनपाट इसारलाव, आप्पानू." आप्पा 'हो' म्हणाले. माझ्या माहितीत ते एखाद्या गोष्टीला इतक्या थोडक्यात हो म्हणाले ते तेवढंच.

सगळा पावसाळा ते घर खरवडत होते. काचेचा तुकडा घेऊन बसायचे आणि पोळपाट, रवी, विळी, झोपाळा, एकेक वस्तू कोरी करायचे. काकूला तिथे फिरकू देत नसत. श्रावणात एका सकाळी ते परसातून जवळजवळ धावतच आले. खरवडलेल्या भुग्याने त्यांच्या दोन्ही मनगटांवर, मानेवर, कानांच्या पाळ्यांवर लाल फोड उठले होते. "अगो, बघ," ते काकूला म्हणाले, "मलाही झालं. हे बघ, मलाही झालं." त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. काकूने त्यांची मनगटं उलटसुलट करून पाहिली आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने ताकात भिजवलेलं फडकं आणून त्यांच्या मानेवर ठेवलं. "वांगं बंद," ती म्हणाली. "फणस बंद. लसूण बंद."

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. काकूचे हात तोपर्यंत बरे झाले होते. बोटांवर नुसत्या पांढुरक्या रेघा राहिल्या होत्या. पंगत चटयांवर बसली. काकूने पहिला लाडू नानांना वाढला आणि माझ्या सासऱ्यांनी तो खाल्ला, मग आणखी एक मागून घेतला. मामा या खेपेला पंगतीत बसले, पण आपल्याला पाट का नाही म्हणून थोडे घुश्श्यात होते.

निघताना आप्पांनी मला दोन पाट दिले. फणसाचे, कोरे, पिवळेधमक. "काही लावलेलं नाही यांना," ते म्हणाले. "वाळवी लागेल एखादे दिवशी. लागू दे." मग त्यांनी विचारलं, "चालेल ना गो बायो?" आप्पांनी कोणाला 'चालेल ना' असं विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यानंतर मात्र ती त्यांची सवयच झाली. काकूच्या हाताला खोबरेल लावायचं असलं तरी आधी विचारायचे, चालेल ना? मी रडत होते, त्यामुळे नुसती मान हलवली.

आप्पा गेले तेव्हा मी मुंबईहून आगबोटीने आले. घर कोऱ्या लाकडाचं झालं होतं, आणि वाळवीने जमेल तेवढा सूड घेतला होता. सगळी मंडळी पांगल्यावर काकू मला दारापर्यंत सोडायला आली. तिचा हात चौकटीवर गेला. तिने नखाने लाकूड टोकरलं, कान लावून ऐकलं, आणि म्हणाली, "दोन पावसाळे. फार तर अडीच." ती थोडी हसली. मी तिचा हात हातात घेतला. म्हाताऱ्या बाईचा हात इतका मऊ असतो हे मला माहीत नव्हतं.

काकू गेली तेव्हा दुसरा पावसाळा सरत आला होता. चौकट अजून उभी आहे.